मॅटिंगली शेगडीचा धूर

बार्ड्सटाउन, केंटकी
२ सप्टेंबर १८७२

सौ. लेटीस,

विनीचे भरभरून आशीर्वाद वि. वि. तुझं पत्र पोस्टमास्तरांनी चर्चच्या पायरीवरच हातात दिलं. बाहेर उभं राहून वाचणं बरं दिसलं नसतं, म्हणून आत बसून वाचलं. प्रवचन कशावर होतं ते मला विचारू नकोस.

जानेवारीत बाळ होणार, आणि ही बातमी तू मला तिसऱ्या पानावर, वाळवलेल्या सफरचंदांना कीड लागल्याच्या बातमीनंतर देतेस. धन्य आहे मुली तुझी.

आता मुद्द्याचं. नदी गोठायच्या आत शेवटची आगबोट तुमच्या फोर्टवरून सुटते, असं ॲम्ब्रोजनेच मागे लिहिलं होतं. त्या बोटीत बैस आणि इकडे निघून ये. दक्षिणेकडची खोली मी आजच उघडली, गादी उन्हात टाकली. गेल्या हिवाळ्याविषयी मी काही लिहिणार नाही, तूही लिहू नकोस. रोझच्या नावाने मी दर पहिल्या शुक्रवारी मेणबत्ती लावते, एवढं तुला माहीत असलेलं बरं. पण ज्या मुलखात घरातल्या घरात बादलीतलं पाणी गोठतं आणि चार महिन्यांचं मूल खोकून खोकून जातं, तिथेच दुसऱ्यांदा पाळणा बांधायचा, हे मला पटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पहाटे गार पाण्याने तोंड धुवावं लागे. सिस्टर युफ्रेझिया म्हणायच्या की थंडी आत्म्याला चांगली. फुप्फुसांविषयी त्या काही बोलल्याचं मला आठवत नाही.

ॲम्ब्रोजला सांग, ती कसली शेगडी करतो आहेस ती खुशाल कर, पण बायकोला आधी बोटीत बसव. लहानपणी त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला आपोआप बंद होणारं दार केलं होतं. एकदा कोल्हा आत असताना ते बंद झालं. दाराचा काही दोष नव्हता, ते सांगितल्याप्रमाणे बंद झालं होतं, हे त्याचं म्हणणं मला आजही पटतं. तेव्हापासून मी त्याची बाजू घेत आले आहे आणि अजून थकलेले नाही. पण तू म्हणजे कोंबडी नव्हेस.

पत्राची नव्हे, तुझीच वाट पाहते. माया आहे ती वाढती राहो.

तुझी,
विनी


फोर्ट टॉलिव्हर, डाकोटा
२९ सप्टेंबर १८७२

ती. विनीवन्संना,

लेटीचा, सध्या वाकता येतं तेवढं वाकून, नमस्कार वि. वि. बोट गुरुवारी सुटते आहे. मी तिच्यात नाही. रागवायच्या आधी पुढचं वाचा.

शेगडी झाली. ‘कसली शेगडी’ म्हणालात, तर सांगते. लढाईत तुमचे बंधू जखमी होऊन इस्पितळाच्या तंबूत पडले होते, तेव्हा तिथे जमिनीत चर खणून त्यातून धूर खेळवायचे. वर निजलेल्यांच्या पाठी शेकत. बाकीचे जखमी घरच्या आठवणी काढत होते, तेव्हा हे चराची रुंदी पाहत होते. गेल्या एप्रिलमध्ये बर्फ वितळलं त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या फळ्या उपटल्या आणि खणायला लागले. कुणासाठी ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. आता शेगडीचा धूर सरळ वर न जाता जमिनीखालच्या दगडी पाटातून सगळ्या घरभर फिरतो आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. वर चपटे दगड, त्यावर सतरंजी. रोझचा पाळणा होता त्या जागेखालून पाट दोनदा वळतो. का, असं विचारलं तर म्हणतात, तिथे उतार बरा मिळाला.

इथे जळण म्हणून ओलं कॉटनवूड मिळतं. ते जळत कसलं, नुसतं रडतं. पण या शेगडीत तेसुद्धा जळतं. परवा पहिली गोठवणारी थंडी पडली तेव्हा बाहेर बादलीवर बर्फाची चकती होती आणि मी घरात अनवाणी फिरत होते. मग तुमच्या भावाने डॉक्टरना बोलावून बूट काढायला लावले. मग कोठारवाल्यांना. मग शेजारच्या लेफ्टनंट ऑरिन बीझलीला आणि त्याच्या बायकोला, हेटीला. संध्याकाळी आमच्या घरात सगळे अनवाणी उभे होते. चर्चमध्ये असावं तसं वाटलं.

दुसरी बातमी याहून मोठी. शेगडीविषयी यांनी लिहिलं होतं, त्याला वॉशिंग्टनहून उत्तर आलं. ऐन थंडीत, डिसेंबरात, शेगडी पाहायला तीन अधिकाऱ्यांची कमिटी येणार. पसंत पडली तर सगळ्या फोर्टांवर बसवतील आणि नाव ‘मॅटिंगली शेगडी’ असंच राहील. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, मग डॉक्टरना, मग तबेल्यात जाऊन खेचराला. खेचराने शेवटपर्यंत ऐकलं, असं परत येऊन सांगितलं.

मागच्या वेळची पाठपिशवी तुम्हाला आठवत असेल. उलगडली की खाट व्हायची. खाटेची पुन्हा पिशवी होईना, आणि सकाळी एक अख्खी तुकडी पाठीला खाटा बांधून कवायतीला उभी राहिली. जनरलसाहेब त्या दिवशी नेमके पाहणीला आले होते. तेव्हापासून मेसमध्ये यांचा विषय निघाला की लोक आधीच हसू लागतात. या वेळी हसणार नाहीत, वन्सं. म्हणून मी इथेच राहते आहे. माझं मूल या घरात गारठणार नाही.

मनातली जागा तशीच ठेवावी.

आपली,
लेटी


बार्ड्सटाउन
२० ऑक्टोबर १८७२

सौ. लेटीस,

विनीचे आशीर्वाद, थोडे रागातले, पण आशीर्वादच. वि. वि. बोट गेली, आता बोलून काय उपयोग? दक्षिणेकडच्या खोलीत मी भोपळे ठेवले आहेत.

रेल्वेने एक पेटी पाठवली आहे. तीत एक अख्खं हॅम, मक्याचं पीठ, फ्लॅनेलची अंगडी आणि ॲम्ब्रोजसाठी मोलॅसिसचा डबा आहे. डबा त्याच्या हाती सरळ देऊ नकोस, तो आधी डब्याचं झाकण सुधारायला बसेल.

कमिटीची बातमी मी कुणालाही सांगितली नाही. फक्त फादरना, दूधवाल्याला आणि रविवारी चर्चमध्ये मासची प्रार्थना झाल्यावर जमलेल्या बायकांना सांगितली. तिथे कर्नलीणबाई मिसेस पॅजेट होत्या. त्यांच्या यजमानांना जाऊन किती वर्षं झाली, पण बाई अजून हुद्द्यावर आहेत. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की घर इतकं ऊबदार असेल तर ते तुमच्या भावजयीकडे राहील कसं? फौजेत म्हणे वरच्या हुद्द्याचा माणूस आला की खालच्या कुणाचंही घर बोट दाखवून मागू शकतो. मी म्हटलं, केंटकीत असं चोरसुद्धा करत नाहीत, आधी अंधार पडू देतात. बायका हसल्या. मिसेस पॅजेट हसल्या नाहीत, नुसती मान हलवली.

बाई उगाच बोलत असतील ना? लगेच लिही.

तुझीच, पूर्वीइतक्याच मायेची,
विनी


फोर्ट टॉलिव्हर
१८ नोव्हेंबर १८७२

ती. विनीवन्संना,

लेटीचा नमस्कार वि. वि. पेटी पोचली. झाकण मी आधीच काढून टाकलं.

कर्नलीणबाई उगाच बोलत नाहीत. इथे त्याला विटा कोसळणं म्हणतात. मेजर आला की तो कॅप्टनचं घर घेतो. तो कॅप्टन आपल्याहून नव्या कॅप्टनचं घेतो, तो लेफ्टनंटचं, आणि असं करत करत एकाच दुपारी सगळ्या रांगेची बिऱ्हाडं हलतात. शेवटची वीट पडते ती बीझलीसारख्या पोराच्या डोक्यावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हा हेच घर यांच्याहून नव्या एका लेफ्टनंटचं होतं. त्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने पडदे काढून दिले आणि माझी ट्रंक आत आणायला मदत केली. कुणी रागवत नाही. पावसावर कुणी रागवतं का?

आता ऐका. आमच्याकडे नवे मेजर नेमले आहेत. नाव क्रोवेल. बरोबर बायको आणि सासूबाई. कमिटी ज्या काफिल्यातून येते आहे त्यातूनच तेही येणार आणि आल्या दिवशी घर निवडणार. रांगेत आमचं घर सगळ्यात जुनं, एका बाजूला कललेलं. कौलं गेलेली, रंग कधीच उडालेला. बाहेरून पाहून ते कुणी फुकट घेणार नाही. आत येऊन बूट काढले तर मात्र दुसरं घर कुणी घेणार नाही. शेजारी कॅप्टन फेनविकचं घर आहे. ते एकटे असतात, घराला ताजा पांढरा रंग, समोर ओसरी. आत हाडं गोठतात.

म्हणजे कमिटीला शेगडी पसंत पडायची तर घर ऊबदार हवं. आणि घर ऊबदार दिसलं की ते आमचं राहत नाही. आमच्यापुरती मग कुंपणालगतची लाकडी खोली उरते. तिच्या भिंतींतून पलीकडचे घोडे दिसतात. बीझलीने आमच्यासाठी आपलं बिऱ्हाड सोडायची तयारी दाखवली, पण ते जेमतेम त्या खोलीसारखंच आहे.

मी ॲम्ब्रोजना काही म्हटलेलं नाही. काय म्हणू? त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली ती कमिटी आणि मी वाट पाहते ते मूल एकाच सुमाराला येतं आहे. ते रोज नवं काहीतरी मोजतात आणि मी अंगडी शिवते. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आहे, पण आम्ही जेवताना मिठाविषयी बोलतो.

तुम्ही प्रार्थना नेमकी कशासाठी करावी, ते मलाही सांगता येत नाही. तरी करावी, आणि आठवण ठेवावी.

लेटी


फोर्ट टॉलिव्हर
२ डिसेंबर १८७२

ती. विनीताईस,

ॲम्ब्रोजचा सलाम वि. वि. वारा वायव्येचा. लाकूड ओलं. बाहेरच्या बादलीत बर्फ. घरात एक माशी, जिवंत. डिसेंबरात डाकोटात जिवंत असलेली ही एकच माशी असावी. लेटी तिला मारू पाहते. मी ती पुरावा म्हणून राखली आहे.

पाटाचं दुसरं वळण मी थोडं रुंद केलं. झडप आता एका बोटाने फिरते. ताई, मी आजवर केलेल्या वस्तूंत ही पहिली आहे जी मी म्हटलं तेच करते. त्यामुळे मलाच तिची थोडी भीती वाटते.

कमिटी निघाली आहे, मेजरही. त्याचा अर्थ मला समजतो. लेटीला वाटतं मला समजत नाही. मी गप्प राहावं असं ती म्हणत नाही, बोलावं असंही म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही, आणि हे काहीच न म्हणणं घरात शेगडीच्या शेजारी बसून असतं. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत तिला त्या लाकडी खोलीत नेलं तर मला विचारायला येऊ नका. एरवी ते बरंच बोलतात. एवढंच बोलून गेले.

तू काय म्हणशील? तुझं उत्तर वेळेत पोचणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिही. तू लिहिते आहेस एवढं ठाऊक असलं की डोकं ठिकाणावर राहतं.

पेटीतल्या मोलॅसिसच्या डब्याला झाकण नव्हतं. रेल्वेवाले फार निष्काळजी झाले आहेत.

आहे तो जीव तसाच लाव.

तुझा,
ॲम्ब्रोज


बार्ड्सटाउन
२७ डिसेंबर १८७२

चि. ॲम्ब्रोजास,

ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि. तुझं पत्र नाताळच्या दुसऱ्या दिवशी आलं. तू विचारलंस म्हणून सांगते, कमिटीला शेगडी दाखव.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी नुकतीच कॉन्व्हेंटमधून घरी आले होते. हातात शिवणाचं बक्षीस, फ्रेंचमधल्या चार कविता, आणि समोर तू, घड्याळ उघडून बसलेला. गावात कुणी तुला वेडा म्हटलं की मी त्याच्या दारात जाऊन भांडत असे. ते सगळे लोक अजून इथेच आहेत, ॲम्ब्रोज. म्हातारे झाले, पण कोल्ह्याची गोष्ट विसरलेले नाहीत. मला मरण्यापूर्वी एकदा त्यांच्यासमोर वर्तमानपत्र उघडून ठेवायचं आहे.

आणि मेजर झाला तरी कुणा आईच्या पोटी आलेलाच असेल ना? दिवस भरत आलेल्या बाईला तो थंडीत बाहेर काढील, हे मी मानायला तयार नाही. रीत असेल. पण रीतीला डोळे असतात. फादरनी तुझ्या शेगडीसाठी मास म्हटला. शेगडीसाठी त्यांनी पहिल्यांदाच म्हटला, जरा अडखळले, पण म्हटला.

काय झालं ते ताबडतोब कळव. लेटीला जप. ताईचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज.

विनी


बार्ड्सटाउन
३ मार्च १८७३

सौ. लेटीस,

विनीचे आशीर्वाद, बाळाला पहिले आणि सर्वांत मोठे. वि. वि. ॲम्ब्रोजचं दोन ओळींचं पत्र जानेवारीअखेर आलं. मुलगा झाला, दोघं बरी आहेत, नाव मार्टिन. शेगडीविषयी एक अक्षर नाही. मला वाटलं, आनंदात विसरला.

काल मिसेस पॅजेटनी फौजेचं वर्तमानपत्र माझ्याकडे पाठवून दिलं. मजकुराभोवती शाईने रेघ ओढून, मी चुकून दुसरं काही वाचू नये म्हणून. कमिटीचा निकाल आहे. शेगडी धुरकट, जमीन थंड, योजना चतुर पण फौजेला निरुपयोगी. आणि शेवटी एक वाक्य, की याच अधिकाऱ्याची खाट होणारी पाठपिशवी वाचकांना आठवत असेल.

लेटी, मला काही कळत नाही. तूच लिहिलं होतंस की तू अनवाणी फिरत होतीस. घरात माशी जिवंत होती. मग हे काय? कमिटीने खोटं लिहिलं असेल तर मी गप्प बसणार नाही. मी वर्तमानपत्राला चार पानी उत्तर लिहून ठेवलं आहे, चांगल्या कागदावर, सिस्टर युफ्रेझियांनी घोटून घेतलेल्या अक्षरात. त्यात तुझ्या पत्रातली वाक्यं उतरवली आहेत. तुझं उत्तर आलं की टाकते. माझ्या भावाच्या नावाला हे डाग लागलेले मी पाहू शकत नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

आणि तुम्ही आहात तरी कुठे? घरात की त्या घोडे दिसणाऱ्या खोलीत?

काळजीने आणि नेहमीच्या प्रेमाने,
विनी


फोर्ट टॉलिव्हर
२५ मार्च १८७३

ती. विनीवन्संना,

लेटीचा नमस्कार आणि मार्टिनची लाथ, जी तो सध्या सर्वांना सारखीच देतो. वि. वि. ते चार पानी उत्तर कृपा करून टाकू नका. सगळं सांगते.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी सकाळी ॲम्ब्रोज ओली पोती घेऊन घरात आले आणि वळणाजवळचे दगड उचलून पाटात कोंबायला लागले. मी विचारलं, हे काय चाललंय? तर मान वर न करता म्हणाले, ही जमीन थंड व्हायला पुरा दिवस लागतो, आत्ताच सुरुवात केली नाही तर उद्यापर्यंत गार होणार नाही. मी तिथेच खाली बसले. जमीन ऊबदार होती. दुपारपर्यंत ती कोमट झाली, संध्याकाळी गार. आम्ही दोघं पांघरुणं घेऊन बसलो आणि बादली पाहत राहिलो. तिच्यावर बर्फ धरलं तेव्हा ते म्हणाले की बरं झालं, आणि उठून खिडकीशी गेले.

सकाळी मला डॉक्टरांच्या घरी नेऊन बसवलं, पण माझ्याने राहवेना. शाल लपेटून मी दारापर्यंत येऊन उभी राहिले. आत तीन साहेब, मेजर क्रोवेल, आणि घर पाहायला आलेल्या मेजरीणबाई. सगळे डगल्यांत, डोळ्यांना रुमाल. शेगडी नदीवरच्या आगबोटीसारखी धूर ओकत होती. आणि वन्सं, तुमचा भाऊ त्या धुरात उभा राहून समजावून सांगत होता. पाट कसा वळतो, उतार किती, झडप कशी फिरते. एक शब्द खोटा नव्हता. मोठ्या साहेबांनी खोकत विचारलं की हे नेहमी असंच होतं का? ॲम्ब्रोज म्हणाले, आज जे होतंय ते आपल्यासमोर आहे साहेब. साहेबांनी डॉक्टरना विचारलं की आपण तर पाहिलं होतं म्हणे? डॉक्टर म्हणाले, माझे पाय लढाईपासून बधिर आहेत, मला काय कळणार? कोठारवाल्यांना त्या वेळी नेमकं कोठारात काम होतं. बीझली छताकडे पाहत होता. मला तेव्हा समजलं की सगळ्या फोर्टला माहीत आहे, आणि कुणाला कुणी काही सांगितलेलं नाही.

मेजरीणबाई वाईट नाहीत. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, बाई गं, अशा घरात तू कसे दिवस काढतेस? संध्याकाळी क्विन्सच्या मुरंब्याची बरणी पाठवली. त्यांनी फेनविकचं पांढरं घर घेतलं. फेनविकनी पुढच्याचं घेतलं, विटा कोसळत गेल्या आणि दिवस मावळायच्या आत ऑरिन आणि हेटी पेट्यांवर बसून होती, बर्फात. ॲम्ब्रोज त्यांना घेऊन आले. ती आमच्या मागच्या खोलीत राहतात. पोती काढली, शेगडी पेटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी जमीन पुन्हा ऊबदार झाली. हेटी अनवाणी उभी राहून रडली. मला रडायला वेळ नव्हता. मार्टिन थोड्याच दिवसांत आला, बाहेर वादळ होतं आणि डॉक्टर सदऱ्याच्या बाह्या वर करून काम करत होते. तो खोकत नाही, वन्सं. एकदाही नाही. मी अजून रात्रंदिवस कान देऊन असते.

मेसमध्ये मेजर क्रोवेल म्हणाले की मॅटिंगली, माझी बायको म्हणते तुमच्या घरात हॅम टांगली तर छान धुरावतील. सगळे हसले. ॲम्ब्रोज म्हणाले की हो, हॅमसाठी ती बरीच चांगली ठरावी. घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि पाळण्याशी बसले. मी म्हटलं, पुढे कधी तरी पुन्हा कमिटीला लिहू. ते म्हणाले, एकदा पाहून नाकारलेली वस्तू वॉशिंग्टन पुन्हा पाहत नाही, तसा नियम आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले की पोती भिजवायला नको होती, कोरडीसुद्धा चालली असती. एवढंच. पुन्हा विषय काढला नाही.

काल फेनविक कुदळ घेऊन आले. बर्फ वितळलं की त्यांच्या नव्या घराखाली पाट हवा म्हणाले, आणि बाहेरून रंग लावणार नाही असं आपणहून कबूल केलं. त्यांच्या मागून बीझलीचा नंबर, तेही ठरलं आहे. पुढच्या हिवाळ्यात या रांगेतली सगळी कुरूप घरं ऊबदार असतील, असं दिसतं. कुठल्याच कागदावर त्यांचं नाव मॅटिंगली नसेल.

तुम्ही त्यांना दाखव म्हणून लिहिलंत, ते पत्र फेब्रुवारीत पोचलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ताईला फार लागेल. तेव्हा तुम्हाला मी काय सांगू? माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको. आणि जवळीक कमी करू नये.

आपली,
लेटी


बार्ड्सटाउन
१६ एप्रिल १८७३

सौ. लेटीस,

विनीचे तुम्हा तिघांना आशीर्वाद, मागच्या खोलीतल्या दोघांनाही. वि. वि. तुझं पत्र ईस्टरच्या शनिवारी आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, आणि मग बसून पुन्हा वाचलं. चार पानी उत्तर चुलीत घातलं. अक्षर फार सुरेख आलं होतं.

रागवायचा मी प्रयत्न केला. परसात जाऊन केला, गुलाब छाटत. जमला नाही. तो सहा वर्षांचा होता तेव्हा घड्याळ उघडून बसायचा आणि मी जेवायला हाक मारली की उठायचा नाही. आजवर हातातली कुठलीही वस्तू त्याने कुणासाठी खाली ठेवली नव्हती. आता ठेवली, तर मी दूर होते.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. मासनंतर सगळ्या बायका नव्या टोप्या घालून अंगणात उभ्या होत्या. मिसेस पॅजेट माझ्याकडे आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की विनिफ्रेड, वाचून फार वाईट वाटलं हो, पण खरंच का इतका धूर होतो तुमच्या भावाच्या शेगडीत? मला वाटतं, त्या माझ्या भांडणाची तयारी करूनच आल्या होत्या. सगळ्याच आल्या होत्या. दोघी-तिघी जवळ सरकल्या. कारण आजवर असं कुणी म्हटलं आणि मी गप्प बसले, असं बार्ड्सटाउनात घडलेलं नाही.

सगळं माझ्या जिभेवर होतं, लेटी. अनवाणी डॉक्टर, जिवंत माशी, बाह्या वर केलेलं बाळंतपण. पण मिसेस पॅजेटचा भाचा फौजेत आहे, आणि फौजेत बातमी पत्रांतूनच फिरते.

मी म्हटलं, हो, फार धूर होतो. डोळे चुरचुरतात.

त्यांनी माझा हात दाबला. मी त्यांना इतकं समाधान आजवर कधी दिलं नव्हतं. मी रुमाल काढून डोळे पुसले, आणि ते कुणाला खोटं वाटलं नाही.

ॲम्ब्रोजला यातलं काही सांगू नकोस. त्याला फक्त म्हण, ताई बरी आहे. लोभ वाहता असू दे आणि तोंडं मिटलेली.

तुझी,
विनी